पत्रा बोलतो, असं मी शिकवलं

सरकारी कागदावर मी 'शिल्प निदेशक' आहे. नव्या सोयऱ्याला हे सांगितलं की तो आदरानं हात जोडतो आणि यंदा गणपतीच्या मूर्तीचा भाव काय आहे ते विचारतो. मग खरं सांगावं लागतं, की मी जिल्ह्यातल्या एका आयटीआयत पोरांना पत्रा कापायला, वाकवायला आणि ठोकायला शिकवतो. ट्रेडचं नाव शीट मेटल. ते ऐकून जोडलेले हात हळूच सुटतात. बायकोनं माझी ओळख त्याहून सोपी करून ठेवली आहे. "घरात आहा का शेडमंदी? हळू बोला ना जी," हे ती लग्नापासून म्हणत आली आहे.

सत्तावीस वर्षं झाली शिकवतो आहे. त्यात एक गोष्ट मी फार अभिमानानं शिकवली. ती माझ्या उस्तादानं मला शिकवली होती, आणि त्याला त्याच्या उस्तादानं. गोष्ट अशी, की पत्रा बोलतो. लोखंडी ठोकळ्यावर पत्रा ठेवून मोगरी मारली आणि खाली पोकळ राहिलं असेल तर आवाज भद्द येतो. पत्रा नीट बसला की आवाज टणक होतो, एकदम स्वच्छ. चांगला कारागीर मोजपट्टी उचलायच्या आधी आवाजावरून सांगतो, बसला की नाही. "डोळे मागून, पहिले कान," असं मी दर वर्षी पहिल्याच दिवशी सांगायचो, आणि पोरांना डोळे मिटून आवाज ओळखायला लावायचो. वीस पोरं, वीस मोगऱ्या, वर सिमेंटच्या पत्र्याचं छप्पर. शेजारच्या वेल्डिंगच्या शेडमधले लोक म्हणायचे, तुमचं शिकवणं आम्हाला पण पाठ झालं.

शेडच्या कोपऱ्यात एक लोखंडी कपाट होतं. त्यात कानावर चढवायचे सहा इअरमफ, मूळच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. पोरं त्यांना हेडफोन म्हणायची. माझ्या आधीच्या निदेशकांनी मला चार्ज देताना ते दाखवले आणि सांगितलं, "एवढं सांभाळजो बावा. तुटलं फुटलं तर लेखी खुलासा मागते." मी सांभाळले. कपाटाची किल्ली मी जानव्यासारखी जपली. इअरमफ वर्षातून दोनदा बाहेर यायचे. एकदा तपासणीला साहेब येत तेव्हा, आणि एकदा विश्वकर्मा पूजेला. पूजेच्या दिवशी आम्ही हातोडे, कात्र्या, वाकवायचं मशीन पुसून काढायचो, ओळीनं मांडायचो. टेबलावर लाल कापड, त्यावर हे सहा. त्यांनाही हळदकुंकू, त्यांनाही झेंडूचं फूल. नारळ फुटला, प्रसाद वाटला की पुन्हा कपाटात. पिशवीवर कुंकवाचे थर चढत गेले होते. देव पावला नाही असं मी म्हणणार नाही. आम्ही त्याला कामाला लावलंच नाही.

पुस्तकात सुरक्षिततेचा धडा होता. तो मी शेवटच्या आठवड्यात लिहून द्यायचो. 'कानांचे रक्षण का करावे', मुद्दे पाच. पोरं घोकायची, परीक्षेत लिहायची, पैकीच्या पैकी गुण घ्यायची.

माझा साळा, बायकोचा भाऊ, याच शेडमध्ये शिकला. त्याला भरती करायला मीच सासऱ्यांना गळ घातली होती. सासुरवाडी दिघोरीची, धानाची शेती. सासऱ्यांना वाटायचं पोरानं धानाच्या बांधीतच राहावं. मी म्हटलं, मामाजी, हातात कला असली की कुठंही पोट भरते. वर्गात मी त्याला ताकीद दिली होती की इथं भाऊजी म्हणायचं नाही, सर म्हणायचं. सुरक्षिततेचा तो धडा लिहून देत होतो त्या दिवशी त्यानं हात वर केला.

"सर, पुस्तकात लिवलं आहे का कानाले लावा म्हून. मंग तुमी काहून नाई लावू देत?"

मी म्हटलं, "लावशीन, मंग पत्रा काय बोलला ते तुले कोन सांगन? तुही बहीन?"

शेड हसलं. तोही हसला, सगळ्यांत जोरात. उत्तर मला इतकं आवडलं की त्या वर्षी दिघोरीच्या मंडईला पाहुणे जमले तेव्हा मी ते तीनदा सांगितलं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, दिवसा जत्रा आणि रात्री नाटक, जावयाला बोलायला आयते कान मिळतात.

त्याच सुमाराला हायवेच्या कडेला एक कारखाना निघाला. जिल्ह्यात धान गिरण्या वाढत होत्या, त्यांना चाळण्या, नळकांडी, टाक्या लागायच्या. कारखान्याचा मॅनेजर आमच्या शेडमध्ये आला, पोरांचं काम पाहिलं आणि एकदम नऊ जण घेऊन गेला, त्यांत साळाही. पुढच्या वर्षी परत आला. "गुरुजी, दुसऱ्या ठिकानची पोरं मोजत बसतात. तुमची पोरं ऐकून सांगतात," तो म्हणाला. मी चार दिवस जमिनीवर नव्हतो. कारखान्याचं एक शेड होतं, त्याची तीन झाली. तिसऱ्या शेडच्या उद्घाटनाला मला खुर्ची होती, शाल होती, आणि भाषणही होतं. 'उद्योगाला हात पाहिजेत, ते हात आम्ही देतो' असं मी बोललो. टाळ्या पडल्या. माणसाचे हात एकटे कामावर जात नाहीत, त्यांच्यामागं बाकीचा माणूसही जातो, हे त्या दिवशी मला कुणी सांगितलं नाही आणि मला सुचलंही नाही.

साळा तिथं मिस्त्री झाला. एका लाइनीचा प्रमुख, हाताखाली चौदा माणसं. त्यानं नदीपलीकडे कारध्याला घर बांधलं. पूल ओलांडला की आमच्या घरी. दिघोरीत सासरे सांगत फिरायचे, "जावयानं पोराचं सोनं केलं." मी नम्रपणे मान खाली घालायचो. मान खाली घालायची माझी एक पद्धत आहे, तिच्यात छाती वरच राहते.

त्याच्या घरी टीव्ही मोठ्यानं लागायला लागला, तेव्हा आम्ही हसलो. मंडईच्या नाटकाला तो भोंग्याच्या खांबाला टेकून बसायला लागला, तेव्हा म्हटलं शौकीन आहे. फोनवर काहीही विचारा, "हो हो, ठीक आहे" म्हणून ठेवून द्यायचा. मी म्हणायचो, मिस्त्री झाला, माज आला. इतक्या जवळून पाहत होतो आणि माझा धंदाच कानाचा होता.

तीन वर्षांपूर्वी कारखान्यानं कामगारांची आरोग्य तपासणी ठेवली. त्यांच्याकडे शांत जागा नाही म्हणून आमच्या संस्थेचं सभागृह मागितलं. नावं पुकारायचं काम माझ्याकडे आलं. आदल्या दिवशी साळा घरी आला. चहा निवला तरी कप हातातच.

"भाऊजी, एक काम होतं."

"बोल ना."

"उद्या कान तपासून राहिले. मोठे आवाज येतात मले. बारीक नाई येत. थोडेच नाई येत. पन नापास झालो त मिस्त्रीपन जाईन. लाइनीवरून काढून कुठंतरी बसवतीन."

मी त्या क्षणी काय बोलायला पाहिजे होतं ते आता मला पाच मुद्द्यांत सांगता येतं. तेव्हा मी दोन मिनिटं विचार केला आणि शक्कल काढली. परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोराला मी कान धरून बाहेर काढणारा माणूस.

शक्कल सोपी होती. तपासणीत माणसाच्या कानाला यंत्र लावतात, तंत्रज्ञ बटण दाबतो, आवाज आला की बोट वर करायचं. बटण दाबलं की यंत्रावर छोटा दिवा लागतो. माणसाला तो दिसत नाही. तंत्रज्ञाच्या मागं यादी घेऊन उभा राहणाऱ्याला दिसतो. मी मागं उभा राहिलो. दिवा लागला की मिशीला हात लावायचा, असं ठरलं होतं.

सगळं मस्त चाललं होतं. मध्येच मला खरोखर मिशीत खाज आली. साळ्याचं बोट वर.

तंत्रज्ञ चमकला. "काका, मी तं अजून दाबलंच नाई!"

साळा घाबरला. पण मिस्त्री होता तो. म्हणाला, "तुमी दाबनार आहा हे ऐकू आलं."

तंत्रज्ञानं हसत कागदावर शिक्का मारला. "लय तेज कान आहेत."

गेटजवळच्या टपरीवर आम्ही भजी खाल्ली, आणि हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही. घरी येऊन मी बायकोला सगळं रंगवून सांगितलं, मिशीसकट. ती हसली नाही. पोळी तव्यावर तशीच ठेवून तिनं विचारलं, "पास कोन झालं? तो का त्याचे कान?" मी म्हटलं, तुला गंमत कळत नाही.

यंदा त्याची बायको आमच्याकडे आली. माझ्या बायकोशी बोलायला आली होती, पण मी पलीकडच्या खोलीत होतो, आणि माझे कान शाबूत आहेत.

"ताई, पोरगी त्यायले आता कायीच सांगत नाई. परवा शाळेतून रडत आली. म्हने, बाबा, मी गनितात नापास झाली. हे हसले. म्हनले, शाब्बास, असाच अभ्यास करजो. तिनं दोनदा सांगतलं. हे दोनदा हसले. मंग ती खोलीत जाऊन बसली. आता जे सांगाचं ते मले सांगते. आन हे मले विचारतात, पोरगी माह्यावर काहून रुसली?"

बायको माझ्या दारात येऊन उभी राहिली. "त्याले नागपूरले घेऊन जा. दवाखान्यात. तुमीच न्या."

"त्याच्या संगं कोनी..."

"तुमीच," ती म्हणाली.

नागपूरच्या त्या दवाखान्यात काचेची बंद खोली होती. त्याला आत बसवलं, मला बाहेर बाकावर. काचेतून तो दिसत होता. सुरुवातीला त्यानं सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. तो बराच वेळ नुसता बसून होता, बोट गुडघ्यावर. पलीकडे नर्स बटणं दाबत होती, मला दिसत होतं. त्याला काही दिसत नव्हतं आणि काही ऐकू येत नव्हतं, पण कुणीतरी काहीतरी विचारतंय एवढं त्याला कळत होतं. वर्गात उत्तर येत नसलेल्या पोराचा चेहरा मी हजारदा पाहिला आहे. तो तसा बसला होता.

डॉक्टरीणबाईंनी आलेख दाखवला. रेघ सरळ चालत येते आणि एकदम विहिरीत पडते. म्हणाल्या, उंच, बारीक आवाज आधी जातात. पाखरं, घंटी, लेकरांचं बोलणं. वर्षानुवर्षांच्या ठोकाठोकीनं असंच होतं.

"आधी कधी तपासलं होतं?"

साळ्यानं पिशवीतून तीन वर्षांपूर्वीचा कागद काढला. जपून ठेवला होता, घडीसुद्धा न पाडता. बाईंनी तो पाहिला, मग आलेख पाहिला, मग पुन्हा कागद.

"हे नॉर्मल आहे. तीन वर्षांत एवढं? शक्य वाटत नाही. त्यांचं मशीन बिघडलेलं असेल."

मी म्हटलं, "मशीन चांगलं होतं, मॅडम. तो रिपोर्ट याच्या कानांचा नाही. माझ्या डोळ्यांचा आहे." आणि सगळं सांगितलं. मिशीची गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा एकही माणूस न हसता संपली.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आलेखावर पेन टेकवून म्हणाल्या, "तेव्हाच आवाजातून बाहेर काढलं असतं तर जवळजवळ तिथंच थांबलं असतं. गेलेलं परत येत नाही. आता यंत्र लावायचं, आणि आवाजाच्या कामावर अजिबात नाही. मी कारखान्यासाठी चिठ्ठी देते."

बाहेर आलो. व्हरांड्यात गर्दी होती, लेकरं रडत होती.

"काय म्हनली ते?" साळ्यानं विचारलं.

मी सांगितलं. मग म्हटलं, "माही चूक झाली."

"काय?"

"चूक झाली माही."

त्यानं कानामागं हात धरला. असं काही तिसऱ्यांदा बोलायची वेळ कुणावर येऊ नये. मी शेडमधल्या आवाजात ओरडलो, "माही चूक झाली बावा! मले माफ कर!" सगळा व्हरांडा वळून पाहायला लागला. एक म्हातारी सरकून माझ्याजवळ आली आणि साळ्याला म्हणाली, "करून टाक ना रे माफ. मोठा मानूस हाय."

साळा हसला. "तुमी एकटे नाई भाऊजी. बोट तं मीच वर केलं." मग त्यानं चिठ्ठीची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. "पन एक सांगू? तुमाले शेडमंदी इचारलं होतं मी. हेडफोन काहून नाई देत म्हून. तवा तुमी लाव म्हनलं असतं, तं मी लावलंच असतं. लोकं हसले असते, तरी लावलं असतं. तुमी जे म्हनान ते ऐकत होतो मी."

मी त्याची पिशवी उचलली आणि बसकडे चालू लागलो. बोललो असतो तरी ओरडावं लागलं असतं.

परतीच्या बसमध्ये त्यानं विचारलं, "चिठ्ठी देऊ का नोको?" या वेळी मला दोन मिनिटं लागली नाहीत. मान हलवून आणि हातानं, दोन्ही रीतींनी सांगितलं, दे.

त्यानं दिली. मॅनेजर माणूस वाईट नाही; त्यानं साळ्याला स्टोअरमध्ये घेतलं. खिळे, रिबिटा, पत्र्याच्या शिटा मोजून द्यायच्या. लाइन दुसऱ्याकडे गेली. नवा मिस्त्रीही माझाच विद्यार्थी. पहिल्या नऊ जणांतल्या बाकीच्या आठांना मी स्वतः फोन केले, खऱ्या तपासणीला जा म्हणून. चौघं जाऊन आले. काय निघालं ते माझ्याच्यानं लिहवत नाही. दोघं जातो म्हणाले. दोघं फोन उचलत नाहीत. ऐकू येत नाही म्हणून उचलत नाहीत की माझा आहे म्हणून, कळायला मार्ग नाही.

नागपूरहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कपाट उघडलं. एक इअरमफ पिशवीतून काढला आणि दाबून पाहिला. आतला स्पंज पीठ होऊन हातात आला. सहाही तसेच. एकदाही न वापरता खलास. मी लेखी खुलासा स्वतःहून लिहून दिला. साहेबांनी विचारलं, हे तुम्ही कशाला लिहून दिलं? मी म्हटलं, मागणार होते ना कुणीतरी. नवे येईपर्यंत मी कानात घालायची फोमची बोंडं आणून वाटली आहेत. पोरं कुरकुरतात. एक म्हणाला, सर, जुने कारागीर तर ऐकून सांगतात म्हणे, पत्रा बसला की नाही. मी म्हटलं, तू काटकोनाचा गुण्या लाव आणि डोळ्यानं पाहा. वेळ लागला तर लागू दे. काम हळू होतं. मॅनेजर यंदा अजून आलेला नाही.

पौषातल्या एका रविवारी साळा बायको-पोरीला घेऊन आमच्याकडे जेवायला आला. वांग्याची भाजी, भाकरी, नवीन तांदळाचा भात. जेवण झालं, बायका आत गेल्या, पोरगी पुस्तक घेऊन बसली. दुपारची वेळ, घर शांत. साळा खुर्चीत चुळबुळ करत होता. कानातलं यंत्र काढून त्यानं सदऱ्याच्या खिशात ठेवलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं.

मी हातानं विचारलं, काय होतंय?

"कानात रातकिडे ओरडून राहिले जी," तो म्हणाला. "लाइनीवर होतो तवा दबून जात. स्टोअरमंदी सगळं गप्प असते ना, मंग दिवसभर तेच. डॉक्टरीन म्हने, सवय होईन." त्यानं खोलीभर पाहिलं. कोपऱ्यात जुनी साडी बांधून ठेवलेला कूलर होता. "भाऊजी, याले चालू करता का?"

बायको दारातूनच ओरडली, "पुसाच्या महिन्यात कूलर? निमोनिया करतं का सगळ्याले?"

तिचं त्याला ऐकू गेलं नाही, पण तोंड पाहून कळलं. "पानी नोको टाकू बाई. नुसता पंखा."

मी साडी सोडली. बटण दाबल्यावर आधी उन्हाळ्याची सगळी धूळ बाहेर आली, मग गवताचा कुबट वास, मग तो नेहमीचा घरघराट. कूलरची बॉडी पत्र्याची. सैल झालेली एक बाजू थडथड वाजत होती. एरवी मी उठून ती घट्ट केली असती. साळ्यानं खुर्ची ओढून कूलरच्या अगदी जवळ नेली आणि डोळे मिटले. हळूहळू त्याचे खांदे खाली आले.

गार वारं अंगावर येत होतं. बायकोनं चादरी आणल्या, एकेक सगळ्यांच्या अंगावर टाकली. पोरगी चादरीत शिरून बापाच्या पायाशी येऊन बसली आणि तिथंच पान उलटत राहिली. थोड्या वेळानं साळा घोरायला लागला. मी कानटोपी घालून बटणाजवळ बसलो होतो. बायकोनं मला खूण केली, झोपला तो, आता बंद करा.

मी नाही केला.